टर्मिनलमधून येणारी आकाशवाणी

बोटाएवढं एक यूएसबी डोंगल, तारेचे दोन तुकडे आणि लिनक्स चढवलेला जुना लॅपटॉप. गेली काही वर्षं माझ्या घरात रेडिओ म्हणून एवढंच आहे. स्टेशन शोधायला काटा नाही, आवाज वाढवायला बटण नाही. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहिली, एंटर दाबलं, की आकाशवाणीचं पुणे केंद्र बोलू लागतं. लहरींचे रंगीत पट्टे पडद्यावर दाखवणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत आणि ते चांगलेही आहेत. एखादं स्टेशन नेमकं कुठे आहे हे शोधायला मीही ते उघडते. पण मला ऐकलेलं राखून ठेवायचं होतं. रोज ठरल्या वेळी, मी घरात नसतानाही, आणि वाटेत आवाजाचं काय काय झालं हे मला पक्कं ठाऊक असताना. त्यासाठी कमांड लाइनइतकी चोख सोय मला दुसरी दिसली नाही. या कामातून जे हाती लागलं ते लिहिते.

१. डोंगलमध्ये रेडिओ नसतो

ही गोष्ट आधी नीट समजून घेतली की पुढची निम्मी कोडी पडतच नाहीत. रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप डीव्हीबी-टी पद्धतीचा डिजिटल टीव्ही संगणकावर दिसावा म्हणून बनली. तिच्या डोंगलवर एफएमही ऐकता येई. पण एफएम उलगडण्याचं काम चिप करतच नव्हती. अँटेनातून आलेल्या लहरीची आठ-बिटी मोजमापं ती तशीच यूएसबीवरून पाठवत होती आणि त्यातून गाणं काढण्याचं काम संगणकातला प्रोग्रॅम करत होता. २०१२ मध्ये आंत्ती पालोसारी या फिनलंडच्या लिनक्स-विकासकाच्या हे लक्षात आलं. मग ऑस्मोकॉम प्रकल्पातल्या मंडळींनी त्यावर खुली लायब्ररी लिहिली आणि टीव्हीसाठी विकली जाणारी स्वस्त वस्तू जगभरच्या हौशी लोकांचा रेडिओ झाली. आर८२०टी हा ट्यूनर असलेलं डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतं. एवढा मोठा पट्टा ऐकू शकणारं यंत्र त्याआधी हौशी माणसाच्या खिशाला परवडत नव्हतं.

हिशेब करून पाहावा. सेकंदाला २४ लाख मोजमापं घेतली आणि प्रत्येक मोजमापाला दोन बाइट लागले, तर सेकंदाला ४.८ मेगाबाइट होतात. तासाला १७ गिगाबाइटच्या वर. आरटीएल-एफएम हा प्रोग्रॅम यातून आपल्याला हवं ते एकच स्टेशन निवडतो, त्याचा आवाज सोडवतो आणि सेकंदाला ३२ हजार सोळा-बिटी आकडे पुढे देतो. म्हणजे तासाला सुमारे २३० मेगाबाइट. पुढे एफएफएमपेगने ते ओपस पद्धतीत ३२ किलोबिटवर आवळलं, की तासाभराचा कार्यक्रम १४-१५ मेगाबाइटमध्ये बसतो.

डोंगलकडून आरटीएल-एफएम, तिथून सॉक्स हा आवाज हाताळणारा प्रोग्रॅम, तिथून फाइल किंवा स्पीकर. मधल्या प्रत्येक सांध्यावर पाइपची एक उभी रेघ. शेतात पाटाचं पाणी बारं फोडून या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवतात तसंच हे आहे. कुठल्याही सांध्यावर थांबून आत काय चाललंय ते पाहता येतं, इथे तर ऐकता येतं. बाजारातला रेडिओ बिघडला तर तो बिघडलेला असतो एवढंच कळतं. इथे बिघाड कोणत्या कडीत आहे ते शोधता येतं, आणि ती एकच कडी बदलता येते.

२. डोंगल आधीच कुणीतरी धरून ठेवलेलं असतं

लिनक्समध्ये डोंगल खोचलं की कर्नल त्याला टीव्हीचं यंत्र समजतो आणि स्वतःचा डीव्हीबी ड्रायव्हर जोडून टाकतो. मग आपल्या प्रोग्रॅमला ते उघडता येत नाही. त्या ड्रायव्हरचं नाव मॉडप्रोबच्या काळ्या यादीत घालायचं, यूडेव्हचा नियम लिहून साध्या वापरकर्त्याला परवानगी द्यायची आणि आरटीएल-टेस्ट चालवून बघायचं. ही चाचणी ट्यूनर कोणता आहे आणि वाटेत मोजमापं गळतात का, दोन्ही सांगते. यूएसबीची लांब, स्वस्त वायर असेल तर हमखास गळतात.

३. अँटेनाला वेळ द्यावा, गेन हाताने लावावा

डोंगलबरोबर येणारी छोटी दांडी टीव्हीच्या लहरींच्या मापाची असते. एफएमसाठी ती आखूड पडते. ७५ ला मेगाहर्ट्झने भागलं की पाव तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. विविध भारती पुण्यात १०१ मेगाहर्ट्झवर आहे, त्याला सुमारे ७४ सेंटिमीटर. विजेच्या साध्या वायरचे तेवढे दोन तुकडे काढून एक वर, एक खाली असे खिडकीच्या चौकटीला उभे बांधले आणि कोॲक्सियल केबलने डोंगलला जोडले, की आवाजात पडणारा फरक कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघणारा नसतो. केबल लांब घ्यावी लागली तरी चालेल, पण डोंगल लॅपटॉपला चिकटून आणि अँटेना लॅपटॉपपासून दूर, हे पाळावं.

गेनबद्दल, म्हणजे ट्यूनर लहर किती वाढवतो याबद्दल, नवे लोक जितका कमी विचार करतात तितका तो महत्त्वाचा आहे. आर८२०टी ट्यूनरला ० ते ४९.६ डेसिबलपर्यंत २९ पायऱ्या आहेत. पर्याय दिला नाही तर आरटीएल-एफएम गेन आपोआप ठरू देतो. गावाबाहेर ते चालून जातं. पुण्या-मुंबईसारख्या शहरात दहा-बारा दणकट एफएम केंद्रं एकाच वेळी अँटेनात शिरतात, आणि आठ बिटांच्या मोजपट्टीवर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात जेमतेम ४८ डेसिबलचं अंतर मावतं. गेन जास्त झाला की जोराची स्टेशनं मोजपट्टीच्या बाहेर जातात आणि जिथे स्टेशनच नाही अशा जागी त्यांची भुतं उमटतात. रिकाम्या वारंवारतेवर गाणं ऐकू आलं तर आनंद मानू नये, गेन उतरवावा.

माझी रीत अशी. शून्यापासून एकेक पायरी चढायचं. खरखर कमी होत जाते. एका पायरीनंतर ती कमी होणं थांबतं. तिथून आणखी वर जाण्यात काही मिळत नाही, म्हणून एक पायरी खाली येऊन तो आकडा लिहून ठेवायचा. माझ्या खिडकीत एफएमसाठी १९.७ डेसिबलवर काम भागतं. गच्चीवर तोच आकडा जास्त होतो.

४. कच्च्या आवाजाला नावगाव नसतं

वेव्ह किंवा एमपीथ्री फाइलच्या डोक्यावर तिची माहिती लिहिलेली असते: सेकंदाला किती नमुने, किती बिटांचे, एक वाहिनी की दोन. पाइपमधून वाहणाऱ्या कच्च्या आकड्यांवर असं काहीच लिहिलेलं नसतं. सॉक्सला किंवा एप्ले या आवाज वाजवणाऱ्या कमांडला ते आपण सांगायचं: ३२ हजारांचा सॅम्पल रेट, सोळा बिट, चिन्हासहित, एकच वाहिनी. यातला एक शब्द चुकला तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही. तो निमूटपणे चुकीचा आवाज वाजवतो.

म्हणून कानाने निदान करायला शिकावं. ३२ हजारांच्या आवाजाला ४८ हजार म्हटलं तर सगळं दीडपट वेगाने आणि दीडपट उंच पट्टीत धावतं. निवेदक मोठ्या माणसाचा लहान मुलगा होतो. एका वाहिनीला दोन म्हटलं तर वेग दुप्पट. सोळा बिटांना आठ म्हटलं, किंवा बाइटांचा क्रम उलटा लावला, तर नुसता फुस्स आवाज येतो. पण त्या फुस्समध्ये बोलण्याची लय जाणवते. ती लय ऐकू आली की समजावं, लहर ठीक आहे, अँटेना ठीक आहे, फक्त वर्णन चुकलंय. लय नसलेली एकसारखी खरखर असेल तर मात्र स्टेशनच लागलेलं नाही. हा फरक ओळखता आला की तासन्‌तास वाचतात. नव्या मुलांना शिकवताना मी मुद्दाम चुकीचे आकडे घालून हे आवाज ऐकवते. कारण सांगण्यापेक्षा ऐकलेलं जास्त टिकतं.

याच जागेवर आणखी एक बारकावा. आरटीएल-एफएम आपले निरोप, म्हणजे कोणता ट्यूनर सापडला, किती गेन लागला, हे वेगळ्या वाटेने पाठवतो, त्यामुळे ते आवाजात मिसळत नाहीत. ती दुसरी वाट एका लॉग फाइलकडे वळवावी. पुढे ध्वनिमुद्रण मधेच तुटलेलं आढळलं तर कारण तिथेच सापडतं.

५. ७५ मायक्रोसेकंद आणि ५० मायक्रोसेकंद

एफएमवर बोलणं थोडं बोथट का वाटतं, हे मला बराच काळ खुपत होतं. अँटेना चांगली, गेन नेमका, तरी 'स', 'श' यांची धार कमी. शेजारच्या साध्या ट्रान्झिस्टरवर तेच स्टेशन जास्त मोकळं वाटे.

कारण असं आहे. एफएममध्ये खरखर वरच्या पट्टीत जास्त असते. म्हणून केंद्र आपल्याकडूनच वरची पट्टी उचलून पाठवतं आणि रेडिओ ती तितकीच खाली आणतो, त्याबरोबर खरखरही खाली येते. किती उचलायची आणि किती उतरवायची याचं माप अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद आहे. भारतात, युरोपप्रमाणे, ५०. आरटीएल-एफएमच्या मूळ कोडमध्ये ७५ हा आकडा बसवलेला आहे. म्हणजे आपल्याकडचं केंद्र ५० ने उचलतं आणि आपला प्रोग्रॅम ७५ ने उतरवतो. दहा किलोहर्ट्झच्या आसपास साडेतीन डेसिबलपर्यंत आवाज विनाकारण कमी होतो.

उपाय सोपा आहे. आरटीएल-एफएमचा वाइडबँड एफएम हा तयार पर्याय वापरायचा नाही. त्यातले घटक सुटे लिहायचे आणि त्यातून हा उताराचा भाग वगळायचा. मग एफएफएमपेगमधला एएम्फॅसिस नावाचा फिल्टर लावायचा, ज्यात ५० एफएम असा स्वतंत्र प्रकारच आहे. कोड उघडा असल्यामुळे हा आकडा मला वाचता आला. बंद डब्यातल्या रेडिओत असता तर कान नुसताच कुरकुरत राहिला असता.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट. स्टिरिओ प्रसारणात १९ किलोहर्ट्झवर एक बारीक अखंड सूर असतो, त्याला पायलट म्हणतात. आरटीएल-एफएमकडून थेट ३२ हजारांचा आवाज मागितला तर तो सूर नीट गाळला न जाता दुमडून १३ किलोहर्ट्झवर येतो. ३२ मधून १९ गेले, १३ उरले. सॉक्सचा स्पेक्ट्रोग्राम काढला तर तिथे सरळ आडवी रेघ दिसते आणि तरुण कानांना ती शिट्टी ऐकूही येते. म्हणून मी आरटीएल-एफएमकडून १७० हजारांचाच आवाज घेते आणि खाली आणण्याचं काम पुढच्या कडीवर सोपवते. तिचे गाळणीचे नियम कितीतरी काटेकोर आहेत. जे काम ज्याला चांगलं जमतं ते त्याला द्यावं, या छोट्या प्रोग्रॅमांची घडणच तशी आहे.

६. घरातली खरखर ऐकायला शिकावं

आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला आहे. डोंगलचा ट्यूनर २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही, पण काही डोंगलांमध्ये ट्यूनरला वळसा घालून अँटेना थेट चिपला जोडण्याची सोय असते. तिला डायरेक्ट सॅम्पलिंग म्हणतात. काहींमध्ये खालची लहर २८.८ मेगाहर्ट्झने वर उचलणारा भाग आतच असतो. कोणतंही घ्या, मध्यम लहरींवर गेलात की पहिल्यांदा भेटतं ते आपलंच घर.

एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सेट-टॉप बॉक्स, वॉशिंग मशीन. विजेवर चालणारी हल्लीची जवळजवळ प्रत्येक वस्तू आत झपाट्याने चालू-बंद होत असते आणि त्याचा कचरा नेमका याच पट्ट्यात टाकते. मी एकेक वस्तू बंद करत, एकेक मिनिट आवाज नोंदवत घरभर फिरले. प्रत्येक फाइलची सरासरी पातळी सॉक्सच्या स्टॅट्सने काढली आणि उतरत्या क्रमाने लावली. सर्वांत वर आला तो लॅपटॉपचाच चार्जर. दर सेकंदाला शंभरदा होणारी त्याची गुरगुर कान लावला की ओळखू येते. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्या दुप्पट. तेव्हापासून मध्यम लहरींचं ध्वनिमुद्रण बॅटरीवरच.

आणि लाइट गेली की! सगळी सोसायटी अंधारात, जिन्यात लोकांची चाहूल, आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू असला तर हेडफोनमध्ये अचानक सगळं आकाश स्वच्छ होतं. एरवी खरखरीखाली गाडलेली दूरची केंद्रं एकामागून एक वर येतात. रात्री त्यात आणखी भर पडते. दिवसा मध्यम लहरी शोषून घेणारा वातावरणाचा थर सूर्यास्तानंतर विरतो आणि लहरी वरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात. अशा वेळी नागपूरचं ५८५ पुण्यात लावून बघावं. भारनियमनाच्या तासाला मी हळहळत नाही. त्या वेळी वापरायची स्क्रिप्ट तयार ठेवलेली आहे.

वीज असताना काय करायचं, तर लूप अँटेना. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तार फिरवत गेलं की एका दिशेने आवाज जवळजवळ नाहीसा होतो. ती मेलेली दिशा खरखरीच्या उगमाकडे वळवायची. स्टेशन थोडं कमी झालं तरी चालेल, खरखर गेली पाहिजे. मध्यम लहरींवर केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असल्यामुळे आवाजाची वरची मर्यादा तशीही साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास येते. 'चारा'तला 'च' आणि 'जमीन'मधला 'ज' यांची दंत्य धार त्याच्या वर राहते. शेतीविषयक कार्यक्रमात हे शब्द वाक्यागणिक येतात. जे थोडं उरतं ते तरी खरखरीने खाऊ नये, यासाठी एवढा खटाटोप.

७. शांततेचाही हिशेब ठेवावा

ठरल्या वेळी ध्वनिमुद्रण करायला क्रॉन आणि टाइमआउट हे दोन जुने साथीदार पुरतात. सकाळच्या प्रादेशिक बातम्यांसाठी ६ वाजून ५५ मिनिटांनी सुरू, ठरलेला काळ झाला की बंद, फाइलच्या नावात तारीख आणि वेळ. दिवसभराचं हवं असेल तर एफएफएमपेग दर तासाला नवी फाइल उघडू शकतो. त्यामुळे एखादा तास बिघडला तरी बाकीचे शाबूत राहतात. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं असावं.

पण स्क्वेल्चपासून सावध. लहर कमकुवत असताना आवाज बंद ठेवण्याची ही सोय वॉकी-टॉकीसारख्या संवादासाठी आहे. ती लावली की आरटीएल-एफएम नुसता गप्प बसत नाही, त्या वेळात तो पुढे काहीच पाठवत नाही. परिणामी तासाभराच्या फाइलमधून शांतता गळून जाते, उरलेले तुकडे एकमेकांना चिकटतात आणि कोणतं वाक्य किती वाजता बोललं गेलं हे कायमचं हरवतं. प्रसारण नोंदवताना स्क्वेल्च शून्यच असावा.

८. मूळ फाइलला हात लावू नये

सॉक्समध्ये खरखर काढण्याची छान सोय आहे. जिथे कुणी बोलत नाही असा अर्धा सेकंद निवडायचा, नॉइजप्रॉफने त्याची नोंद काढायची आणि नॉइजरेडने तेवढी खरखर साऱ्या फाइलमधून वजा करायची. पहिल्यांदा करताना जादू वाटते. मात्रा ०.२ च्या पुढे न्यावीशी वाटते. तिथेच थांबावं. पुढे गेलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, तंबोऱ्याची जवारी सपाट होते, शब्दांची टोकं झिजतात. मी स्वच्छ केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवते आणि मूळ फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गमावता आवळून.

हा आग्रह कशासाठी, ते उपग्रहांनी शिकवलं. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ढगांची चित्रं आवाजाच्या रूपात पाठवत. २४०० हर्ट्झचा सूर कमी-जास्त होई आणि सेकंदाला चित्राच्या दोन ओळी उमटत. ५३ सेंटिमीटरच्या दोन दांड्या १२० अंशांत पसरून गच्चीवर आडव्या ठेवायच्या, आरटीएल-एफएमने आवाज उतरवायचा आणि सॉक्सने ११,०२५ च्या सॅम्पल रेटची वेव्ह फाइल करायची. पंधरा मिनिटांच्या आत उपग्रह क्षितिजापलीकडे जाई आणि हाती वीसेक मेगाबाइटची टिकटिक राही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला समांतर गुजरातकडे सरकत होतं, त्या दिवसांतली अशी एक फाइल माझ्याकडे आहे. तेव्हा काढलेलं चित्र पट्ट्यापट्ट्यांचं आणि तिरकं आलं होतं. पुढे नोआ-एपीटी या खुल्या प्रोग्रॅममधून तीच फाइल पुन्हा काढली. ओळी जुळल्या आणि वादळाचे बाहू कोकणावर स्पष्ट उमटले. चित्र तेवढं ठेवून आवाज पुसला असता तर हे शक्य नव्हतं. २०२५ मध्ये हे तिन्ही उपग्रह एकामागून एक बंद करण्यात आले. ती टिकटिक आता आकाशातून कधीच येणार नाही. ज्यांनी आवाज ठेवला त्यांच्याकडे तो आहे.

रेडिओच्या कार्यक्रमांनाही हेच लागू आहे. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. १९५५-५६ मध्ये गीतरामायण त्याच केंद्रावरून आठवड्यागणिक घरोघर पोहोचलं. त्या काळी सामान्य घरात ध्वनिमुद्रण करण्याचं साधन नव्हतं. त्यातली गाणी उरली कारण ती मोठी होती आणि पुन्हा पुन्हा गायली गेली. पण त्याच्या आगेमागे बोलले गेलेले साधे शब्द, बाजारभाव, पत्रोत्तरं, एखाद्या शिक्षिकेने दिलेली दहा मिनिटांची माहिती, हे उरण्याचं काही कारणच नव्हतं. आज ते उरू शकतं. मला या सगळ्या उद्योगात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

९. पीपीएम

डोंगलमधला स्फटिक थोडा पुढे-मागे चालतो. दशलक्षात किती, ते पीपीएममध्ये मोजतात. शंभर मेगाहर्ट्झवर ५० पीपीएम म्हणजे ५ किलोहर्ट्झ. एफएम गाण्यांना ते जाणवत नाही, पण अरुंद वाहिनीवर स्टेशनच चुकतं. डोंगल तापेपर्यंत आकडा हलत राहतो, म्हणून आरटीएल-टेस्टला काही मिनिटं देऊन मग तो टिपावा. तापमान सांभाळणारा स्फटिक असलेलं डोंगल थोडं महाग पडतं. घ्यावं.

१०. जे आपल्यासाठी नाही ते ऐकू नये

डोंगलचा पट्टा मोठा आहे, त्यात पोलीस, विमानं, रुग्णवाहिका यांचे संवादही येतात. ते आपल्यासाठी बोललेले नसतात. ते ऐकणं, साठवणं, पुढे पाठवणं कायद्याच्या दृष्टीने गंभीर आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही. सार्वजनिक प्रसारणं, हौशी रेडिओ, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८ मेगाहर्ट्झवर अधूनमधून येणारी चित्रं, इतकं ऐकायला आयुष्य अपुरं आहे. बोलायचीही इच्छा असेल तर हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना घ्यावा. आणि साठवलेले कार्यक्रम घरापुरते ठेवावेत, त्यांचे हक्क प्रसारकाचे असतात.

११. फाइलशेजारी चिठ्ठी

प्रत्येक फाइलशेजारी त्याच नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते. केंद्र, वारंवारता, गेन, अँटेना कोणती आणि कुठल्या खिडकीत, चार्जर लावलेला होता का, आणि कमांडची पूर्ण ओळ. यातला निम्मा भाग स्क्रिप्टच लिहिते. उरलेला भाग म्हणजे कार्यक्रमात काय होतं, कोण बोललं, विषय काय. त्यात मला वाईला राहणाऱ्या बाबांची मदत होते. ते संध्याकाळचा शेतीविषयक कार्यक्रम चुकवत नाहीत आणि बोलणारे कृषी अधिकारी कुठल्या तालुक्याचे, हे फोनवर बरोबर सांगतात. हे सगळं मी देवनागरीतच लिहिते, युनिकोडमध्ये. ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडला 'कांदा' एवढा शब्द दिला की कांद्याची रोपं, साठवण, भाव यांवरच्या साऱ्या फाइली तारखांसकट पुढे येतात. मग बाबांना हवा असेल तो कार्यक्रम कापून, त्यांच्या फोनवर वाजेल अशा लहान फाइलमध्ये पाठवून देते.